एस्तर सिस्टरांच्या शिरा

श्रीजा येमूलला नर्सिंग यायच्या आधी ते तिच्या उजव्या हाताला आलं.

सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात, प्रसूती विभागात, तिची पहिली पोस्टिंग लागली तेव्हा ती दुसऱ्या वर्षाला होती. समोर सलाईनसाठी हात पुढे करून पडलेली बाई, दंडाला आवळलेला रबरी पट्टा आणि श्रीजाला पुढची पायरीच आठवेना. पण हातानं डोक्याची परवानगी घेतलीच नाही. बोटं शिरेवरून फिरली, अंगठ्यानं कातडी खाली ताणून धरली, सुई तिरकी टेकली आणि आत गेली. नळीच्या टोकाशी रक्ताचा ठिपका दिसलासुद्धा.

"झालं?" बाईनं विचारलं. "मला वाटलं आत्ता कुठं सुरू करायलीस."

श्रीजालाही तसंच वाटलं होतं.

ही करामत तिच्या बोटांपासून कोपरापर्यंत चढवलेल्या करड्या, पातळ आवरणाची होती. कंपनीनं त्याला जीभ अडखळेल असं एक संस्कृत नाव दिलं होतं. पोरींनी दुसऱ्याच दिवशी त्याचं बारसं पुन्हा केलं आणि 'मास्तरीण' हे नाव ठेवलं. महिन्याभरात कंपनीची माणसंसुद्धा मास्तरीणच म्हणू लागली.

आपण बोट हलवतो तेव्हा मेंदूकडून मज्जातंतूंवाटे विजेचा एक बारीकसा हुकूम येतो आणि हाताचा स्नायू आकसतो. हा हुकूम कातडीवरून टिपता येतो, हे डॉक्टरांना फार वर्षांपासून ठाऊक होतं. मास्तरणीनं तीच वाट उलटी चालून दाखवली. एका निष्णात नर्सच्या हातातले हुकूम, बोटांच्या टोकांवरच्या दाबासकट, हजारो वेळा टिपून घ्यायचे, त्यांतून तिच्या हाताची चाल शोधून काढायची आणि शिकाऊ मुलीच्या हातावर तेच हुकूम त्याच क्रमानं सोडायचे. हुकूम कुणाचा हे स्नायूला कळत नाही. तो आपला आकसतो. पूर्वी जे शिकायला दोन वर्षं जायची, ते आता पंधरवड्यात जमू लागलं. वॉर्डातल्या बायकाही हुशार झाल्या. शिकाऊ मुलगी पुढं आली की आधी तिच्या कोपराकडं बघायच्या आणि आवरण दिसलं तरच हात पुढं करायच्या.

हे हुकूम ज्या हातातून टिपले होते, तो हात प्रसूती विभागाच्या इनचार्ज एस्तर रणभिसे यांचा. ठेंगण्या, सावळ्या, तोंडाच्या फटकळ. कंपनीची माणसं जिल्ह्याजिल्ह्यांतून उत्तम हात शोधत फिरत होती, तेव्हा सगळ्यांनी त्यांचंच नाव घेतलं. त्या लगेच हो म्हणाल्या, आणि का म्हणाल्या हेही त्यांनी श्रीजाला एकदा सांगितलं होतं.

"मी शिकत होते तेव्हा एका म्हातारीला सलाईन लावायला बसले. या हाताला जमेना, त्या हाताला जमेना. सिस्टर म्हणायच्या, कर, शिकशील. म्हातारी एका शब्दानं बोलली नाही. भिंतीकडं तोंड करून मुकाट रडली. आपलं शिकणं असं दुसऱ्याच्या अंगावर होतंय बघ. माझा हात टिपून घेतल्यानं ते थांबणार असलं तर घ्या म्हटलं बाबांनो, दोन्ही घ्या."

सिस्टरांना त्या हातांचा अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नव्हत्या. मास्तरीण घातलेल्या एखाद्या पोरीनं झटक्यात सुई लावली की त्या पलीकडच्या खाटेवरून ओरडायच्या, "माझी गं माझी!"

त्याच हातांना पहिली हार ऑक्सिटोसिन या बाळंतपणातल्या इंजेक्शनच्या काचेच्या कुपीनं दाखवली. कुपीची मान मोडायला बोटांचा एक झटका पुरतो. सिस्टरांनी झटका दिला, पण कुपी तशीच राहिली. पुन्हा दिला. शेजारी उभ्या श्रीजानं ती हातातून घेतली आणि मोडून परत दिली. सिस्टर काही बोलल्या नाहीत, तेव्हाच श्रीजाला भीती वाटली. एस्तर सिस्टर बोलल्या नाहीत असं वॉर्डात कधी घडत नसे.

तपासण्या झाल्या. सिस्टर पुण्याला जाऊन आल्या. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरत जाण्याचा तो आजार होता. औषधानं त्याची चाल थोडी मंदावते, पण तो थांबत नाही. परत आल्यावर दुपारच्या चहाच्या वेळी सिस्टरांनी श्रीजाला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"काढ ती मास्तरीण. माझ्या हाताला चढव."

"तुमच्या हाताला कशाला सिस्टर?"

"बघू तर, माझी मी मला शिकवते का."

श्रीजानं आवरण चढवलं आणि चालू केलं. आत साठवलेला हात सिस्टरांचाच होता, दोन वर्षांपूर्वीचा, धडधाकट. तर्जनी जराशी वाकली. अंगठा थरथरला आणि लुळा पडला. मास्तरणीची वीज स्नायूला थेट हलवत नाही, ती मज्जातंतूला जागं करते आणि तो स्नायूला. तो दुवाच मेला की हुकूम कुणी ऐकायचा? श्रीजा ते जाणत होती, तरी तिनं आवरण काढून पुन्हा चढवलं, नीट बसलं नसेल म्हणून.

"राहू दे," सिस्टर हसून म्हणाल्या. "मला माझ्याच वर्गात नापास केलं बघ हिनं." मग त्यांनी तोंड फिरवलं, आणि श्रीजा चहाचे कप उचलून बाहेर आली.

तरीही त्या वॉर्डात येत राहिल्या. हात उपयोगाचे नसले तरी जीभ होती. रेश्मा जमादारच्या वेळी त्या तिथंच होत्या, हे बरं झालं की वाईट, हे श्रीजाला पुढंही ठरवता आलं नाही.

रेश्मा पहिलटकरीण, वयानं श्रीजाहून फार मोठी नसेल. मुलगी झाली, रडली, सगळे हसले आणि रेश्माचा रक्तस्राव थांबेना. खाट हलवताना तिच्या हाताला लावलेली सुई निसटली. दुसरी ताबडतोब लावायला हवी होती. ड्यूटीवरची दुसरी सिस्टर डॉक्टरांबरोबर ऑपरेशन थिएटरमध्ये अडकलेली. श्रीजा पुढं झाली, आणि तेवढ्यात मास्तरीण बंद पडली. आवरण रक्तानं चिंब झालं होतं, आणि ओल आत गेली की वीज तोडायची अशी तिची सोय होती. पेशंटच्या भल्यासाठीच केलेली.

श्रीजानं ते ओरबाडून काढलं आणि उघड्या हातानं सुई घेतली. गेलं वर्षभर रोज जे केलं होतं तेच करायचं होतं. पण रिकाम्या घरात हाक मारावी तसं झालं. हातात कुणीच नव्हतं. रक्त कमी झालेल्या शिरा आत बसल्या होत्या. तिनं टोचलं, चुकलं. पुन्हा टोचलं, चुकलं. सुई किती आत न्यायची, कुठं थांबायचं, काही म्हणता काही कळेना.

"खाली घे. अजून खाली. थोडी तिरकी," सिस्टर डोक्याशी उभ्या राहून सांगत होत्या. त्यांचे दोन्ही हात बाजूला लोंबत होते. "लाव गं पोरी. मला हात नाहीत. तूच लाव."

तिला ते जमलं नाही. थिएटरमधून भूलतज्ज्ञ धावत आले, त्यांनी मानेच्या शिरेत सुई घातली. रेश्मा वाचली, पण तोवर फार रक्त गेलं होतं आणि गर्भपिशवी काढावी लागली. उपकरण ऐनवेळी बंद पडलं, असा निष्कर्ष निघाला. कुणी श्रीजाला बोल लावला नाही. दोन दिवसांनी रेश्माच्या सासूनं तिच्या हातावर पेढा ठेवला, आणि तो तिला गिळवेना.

पंधरा दिवसांनी वसतिगृहातून तिनं आईला फोन लावला. आई टॉवेलच्या कारखान्यात काठ शिवायची.

"अम्मा, मी घरी येते. मला हे येत नाही."

"येत नाही म्हणजे? वर्षभर करायलीस की."

"मी नव्हते करत."

आईला काही समजलं नाही, आणि समजावून सांगायचं बळ श्रीजात नव्हतं. तिनं बॅग भरली. त्याच दुपारी एस्तर सिस्टरांचा निरोप आला, क्वार्टरवर ये.

सिस्टर आता रजेवर होत्या. रुग्णालयामागच्या दोन खोल्यांत राहायच्या. नवरा मागेच गेलेला, मुलगी सलोमी बेंगळुरूला नोकरीला. तिनं सांभाळायला ठेवलेली बाई दुपारची जेवायला घरी जायची. श्रीजा आली तेव्हा सिस्टर खुर्चीत होत्या, दोन्ही हात उशीवर ठेवलेले. टेबलावर रबरी पट्टा, स्पिरिट, कापूस, आणि निळ्या टोपणाच्या बारीक सुयांचा खोका.

"बॅग भरलीस म्हणे."

श्रीजानं दारातच चपला काढल्या.

"तुझा दोष नाही. माझा आहे. मी तुमच्या चुका खाऊन टाकल्या."

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी रजेत वाचून, पुण्याच्या डॉक्टरांना फोन करकरून समजून घेतलं होतं. डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो. हात हलवण्याआधी तो एक अंदाज बांधतो, की आता असं होईल. प्रत्यक्षात होतं दुसरंच. या दोहोंतली तफावत म्हणजे चूक, आणि लहान मेंदू शिकतो तो मुख्यतः या तफावतीवर. मास्तरीण पहिल्या खेपेपासून सगळं बरोबर करून घेते. तफावत पडतच नाही, मग शिकायचं कशातून? बोट धरून गिरवून घेतलेलं अक्षर पाटीवर देखणं दिसतं, पण बोट सोडलं की मूल खडू घेऊन नुसतं बघत बसतं. कंपनीनं मुलींच्या परीक्षा घेतल्या त्या सगळ्या आवरण घालूनच. उघड्या हातानं काय उरतं, हे बघायचं कुणाच्या मनात आलं नाही. सिस्टरांच्याही आलं नव्हतं.

"कंपनीला कळवलंय. करतील काय करायचं ते, सावकाश, कमिट्या बसवून. तू तोवर बस इथं. पट्टा बांध माझ्या दंडाला."

श्रीजाला अर्थ कळायला वेळ लागला. कळला तेव्हा ती उठून उभी राहिली.

"नाही सिस्टर. आम्ही मुली एकमेकींवर करू."

"तुमच्या शिरा दोरखंडासारख्या. आंधळीलाही सापडतील. रेश्माची तशी होती का? माझ्या बघ, बारीक, सरकणाऱ्या, आजारी माणसाच्या. आणि दुसरी पोरगी तुला नुसतं आई गं म्हणंल. सुई कुठं गेली ते मी आतून सांगीन."

"तुम्हाला दुखंल."

"दुखणारच. या आजारात हलणं जातं, कळणं नाही जात. मेला डास चावला तरी कळतोय मला, मारता तेवढा येत नाही." त्या हसल्या, मग थांबल्या. "श्रीजा, हे हात आता दुसऱ्या कशाच्या कामाचे नाहीत गं. मला असं नुसतं बसवत नाही."

श्रीजा रडत रडतच बसली. हात धुतले, पट्टा बांधला. पहिली सुई शिरेच्या बाजूनं गेली आणि कातडीखाली निळं टेंगूळ आलं. सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते पुसायलाही त्यांना हात नव्हता.

"सांग, काय झालं?"

"शीर सरकली."

"का सरकली? कातडी ताणली नव्हतीस. मला कळलं ना आत. पुन्हा."

त्या उन्हाळ्यातल्या किती दुपारी तशा गेल्या, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. विद्यार्थिनीनं आजारी बाईला गरज नसताना सुया टोचायच्या, याला कुठल्याही नियमात जागा नव्हती, आणि ते योग्य होतं असं छातीठोकपणे कुणालाही म्हणता येणार नाही. पण असा वर्ग जगात दुसरा नव्हता. शिकवणारी बाई आतून बोलत होती. "भिंतीला लागलीस, मागं घे." "घाई केलीस, आरपार गेली, आग होतेय बघ." "आता थांब. आता हलकं लागलं ना? पोकळीत आलीस तू. तेच ध्यानात ठेव." एखाद दिवशी जमायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं बिघडायचं. बिघडलं की श्रीजा सुई टाकून द्यायची आणि सिस्टर रागवायच्या. "तुला वाईट वाटून घ्यायचंय ते घरी जाऊन घे. इथं माझं मनगट वाया चाललंय."

संध्याकाळी सलोमीचा व्हिडिओ कॉल यायचा. सांभाळणाऱ्या बाईला सिस्टरांनी काही न सांगण्याची शपथ घातली होती, आणि कॉलच्या आधी श्रीजा सिस्टरांना लांब हातांचा स्वेटर घालायची. सोलापूरचा एप्रिल, आणि स्वेटर.

"आई, उकडत नाही का तुला?"

"थंडी वाजते गं मला हल्ली."

"दुखतं का कुठं?"

"छे गं. या आजारात दुखत नाही. बरं आहे माझं."

सलोमी एकटीच लेक, नवी नोकरी, रजा मिळेना. तिला धीर द्यायला दुसरं काय सांगणार? श्रीजा कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून दाराआड उभी राहायची आणि ऐकायची.

जून लागला तसं सिस्टरांचं बोलणं जड झालं, मग बोबडं, मग गेलंच. श्रीजाला वाटलं, आता तरी हे संपेल. पण दुसऱ्या दुपारी सिस्टरांनी टेबलावरच्या खोक्याकडं बघितलं आणि नजर काढली नाही. आता आतून सांगणारं कुणी नव्हतं. फक्त चेहरा होता. श्रीजा सुईकडं कमी आणि चेहऱ्याकडं जास्त बघू लागली. कपाळावरच्या आठ्या, पापण्यांची उघडझाप, जरासा अडलेला श्वास यांवरून सुई कुठं आहे हे तिला कळू लागलं. बोटांनाही ते समजू लागलं होतं, सावकाश, रडतकढत. पण आता ते शिकणं श्रीजाचं होतं.

पाऊस सुरू झाल्यावर सिस्टरांना गिळता येईना, आणि त्यातून फुफ्फुसात जंतू शिरले. त्यांना रुग्णालयात आणलं. त्यांच्या शिरा आता इतक्या बसल्या होत्या की दोन सिस्टरांनी प्रयत्न करून हात टेकले. एकीनं मास्तरीण चढवून पाहिली. टिपलेला हात एस्तर सिस्टरांचाच होता, पण त्यानं असल्या शिरा कधी पाहिल्याच नव्हत्या.

"मी बघू?" श्रीजानं विचारलं.

तिनं उघड्या हातानं मनगटाच्या कडेची एक शीर चाचपली, कातडी ताणली आणि सिस्टरांच्या चेहऱ्याकडं बघत सुई आत नेली. कपाळावर आठी आली नाही. रक्ताचा ठिपका दिसला आणि औषध सुरू झालं. त्यानं सिस्टरांना दोन दिवस मिळाले, आणि त्या दोन दिवसांत सलोमी बेंगळुरूहून पोचली. आईनं तिच्याकडं डोळे भरून पाहिलं; हात लांब बाह्यांत आणि पांघरुणात झाकलेले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

अंघोळ घालायला सलोमी आणि वॉर्डातल्या सिस्टर पडद्यामागं होत्या. श्रीजानं कोमट पाण्याची बादली आत नेऊन ठेवली. सलोमीनं आईचा झगा उतरवला आणि ती जागच्या जागी थांबली.

मनगटापासून दंडापर्यंत दोन्ही हात डागांनी भरले होते. पिवळे पडत चाललेले, हिरवट, काळेनिळे. कुठं कातडी सोलवटलेली, कुठं गाठ धरलेली.

"हे काय आहे?" सलोमी म्हणाली. "हे कुणी केलं?"

"आजारपणात शिरा फुटतात अशा," एक सिस्टर घाईनं म्हणाली. "औषधानंही होतं."

श्रीजाला गप्प बसता आलं असतं. तिला तिथून जाताही आलं असतं.

"मी केलं," ती म्हणाली. "शिकत होते."

"माझ्या आईवर?"

"हो. त्यांनीच बसवलं. मी नको म्हणत होते, पण मी केलं."

सलोमी पुढं आली. ती आता मारणार असं सगळ्यांना वाटलं, आणि श्रीजानं मान खाली घातली.

"तिला दुखायचं?"

खोटं बोलायला हीच वेळ होती. या आजारात दुखत नाही, हे सलोमीनं आईच्याच तोंडून कितीदा ऐकलं होतं.

"दुखायचं," श्रीजा म्हणाली. "फार दुखायचं. दर वेळी सांगायच्या, कुठं आणि कसं ते. रडायच्याही."

बाहेर कुणाचं तरी नवं बाळ रडत होतं.

"मला कधी सांगितलं नाही तिनं," सलोमी म्हणाली. "रोज विचारायचे मी. रोज म्हणायची, बरं आहे. मला वाटलं, खरंच..." ती खाली बसली. आईचा हात तिनं मांडीवर घेतला. तो कुठं धरावा हे तिला कळत नव्हतं, कारण प्रत्येक जागेवर काही ना काही झालेलं होतं.

मग तिनं श्रीजाकडं बघितलं. तिचा राग गेला नव्हता. तो बहुधा पुढंही जाणार नव्हता.

"तुला सांगायची ना," ती म्हणाली. "मग मला दाखव. कुठं काय म्हणाली ती."

श्रीजा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिनं एस्तर सिस्टरांचं मनगट उचललं, पहिल्या डागावर हलकेच बोट ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली.